प्रावधान नको, तरतूद म्हणा

मुलुंडच्या एका वाचकाने विचारलंय : ‘बँकांनी टेक्नॉलॉजीचं प्रावधान घटवल्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीची वाढ मंदावली’ या वाक्यात प्रावधान बरोबर, की अर्थसंकल्प हवा?

दोन्ही नकोत. प्रावधान हिंदी बातम्यांतून आपल्याकडे घुसलाय आणि रोज कानावर आदळतोय. ऐकला की माझं डोकं फिरतं. अर्थसंकल्प सरकारचा, महापालिकेचा. कंपनीचं अंदाजपत्रक, नाहीतर सरळ बजेट म्हणा, ते मराठीत कधीच मुरलंय. पण या वाक्याला हवी आहे तरतूद.

माझी भाची अंधेरीच्या एका कंपनीतर्फे बँकांना सॉफ्टवेअर विकते. मार्चमध्ये एकदा बीकेसीहून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकांच्या कचेऱ्यांतून, दमून आली आणि म्हणाली, “मामा, पैसे आहेत हो त्यांच्याकडे, पण तरतूद नाही.” काय नेमकं बोलली पोरगी! बँकेने हात आखडलाच नव्हता. जुन्या लायसन्सचं नूतनीकरण, सायबर सुरक्षा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांपायी करावी लागणारी कामं, यांना आधी पैसे मिळाले. हिचं नवं सॉफ्टवेअर खर्चाच्या ज्या शीर्षाखाली बसतं, त्यापुढे शून्य. म्हणजे नवं आर्थिक वर्ष लागेपर्यंत थांबा. ग्राहकाच्या कागदावरची अशी एकेक ओळ विकणाऱ्या कंपनीचं अख्खं वर्ष ठरवते.

आता खरी गंमत. तरतूद आला अरबी ‘तरद्दुद’वरून. तरद्दुद म्हणजे येरझारा. उर्दूत त्याचा अर्थ घोर, घालमेल असा झाला. मोगल दफ्तरांत जमीन कसण्याची खटपट. मराठीने मात्र खटपटीचं फळ उचललं : आधीच करून ठेवलेली सोय. माझं तर ठाम मत आहे की वेढा पडण्याआधी गडावर दाणागोटा, दारूगोळा चढवणाऱ्यांच्या हेलपाट्यांत हा अर्थ पक्का झाला. गडाची तरतूद हा प्रयोग उगाच नाही जन्मला. आणि या शब्दाचा धातू कोणता? र-द-द, परत फिरवणं. आपले ‘रद्द’ आणि ‘रद्दी’ त्याच घरचे! ऑर्डरची तरतूद होवो की ऑर्डर रद्द होवो, धातू एकच.

शुद्धिवादी मंडळी म्हणतात, तरतूद परकी, हाकला. अर्थसंकल्प हा सावरकरांच्या नावावर सांगितला जाणारा शब्द मीही आनंदाने वापरतो, तो सुंदरच आहे. पण तरतूद काढून तिथे प्रावधान बसवणं ही शुद्धी नव्हे. दिल्लीची उष्टी पत्रावळ आहे ती. भाचीला अजून कुणी ‘प्रावधान नाही’ म्हणून परत पाठवलेलं नाही.