उपवासाच्या दिवशी शुगरची गोळी घ्यायची की नाही?

प्रश्न : सासूबाई 64 वर्षांच्या आहेत, बरीच वर्षं डायबेटिस आहे. ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळी घेतात. श्रावणी सोमवार आणि एकादशी कधीच सोडत नाहीत. परवाच्या सोमवारी गोळी घेतली, नुसता चहा घेतला आणि पूजेला बसल्या. साडेअकराला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मी साखरपाणी दिलं तेव्हा बरं वाटलं. मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर दोन तासांनी शुगर 290! उपवास बंद करा म्हटलं की रागावतात. – एक सून, सातारा

उत्तर : ताई, साखरपाणी लगेच दिलंत ते फार बरं केलंत. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही गेलंय की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं, म्हणून नुसत्या चहावर शुगर धाडकन खाली आली. एकट्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणजे उपवासाआधी गोळीचं बोलायला हवं, आणि ते डॉक्टरांशीच, मनाने गोळी बंद करू नका किंवा अर्धी करू नका. सोमवार संध्याकाळी सुटतो, एकादशी दुसऱ्या दिवशी, त्यामुळे दोन्हीचं वेगवेगळं विचारा.

आता खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नावाला, त्यात बटाटा, वरून चमचाभर साखर, सोबत गोड दही आणि सकाळपासून उपाशी म्हणून भरलेली डिश, मग 290 होणारच हो. दाण्याचं कूट असतं त्यात, पण तेवढ्याने भागत नाही. त्यापेक्षा भगर मोजकी, अर्धी वाटी, आणि दाण्याची आमटी भरपूर, किंवा राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ काकडी किसून घालून, सोबत ताक. सकाळी गोळी चालू राहणार असेल तर त्याच वेळी मूठभर दाणे, वाटीभर दही असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. खजूर, वेफर्स, राजगिऱ्याचा गुळातला लाडू हे उपवासाला चालतं खरं, शुगरला नाही चालत. आणि संध्याकाळी उपवास सोडताना ताटात गोड असतंच, तिथेही हात आवरायला सांगा.

घरात ग्लुकोमीटर आहे तर उपवासाच्या दिवशी तो जवळच ठेवा. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं की आधी तपासा. 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत तेवढीच साखर, वर आली की काहीतरी खायला द्यायचं. त्या दिवशी उपवास तिथेच संपला, कारण या गोळीचा असर बराच वेळ राहतो आणि शुगर परत उतरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल.

सासूबाईंशी भांडू नका. वयाची इतकी वर्षं पाळलेलं व्रत सुनेने बंद करा म्हटलं की मन दुखावतं आणि मग माणूस लपून उपवास करतो, ते जास्त धोक्याचं. डॉक्टरांकडे त्यांना सोबत घेऊन जा, सोमवारचे आकडे वेळेसकट कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलू द्या. किडनीचा त्रास असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर तेही आठवणीने सांगा. निर्जळी मात्र अजिबात नको.