आजेसासूबाईंचे कार्ड, मार्शमॅलो आणि गुरुवारचा उपवास

पत्र: माझे पती अमेरिकन आहेत आणि आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. दर वर्षी थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाचे जेवण सासूबाईंकडे असते. त्या जेवणातले रताळ्याचे कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला रताळ्याचा गोड पदार्थ, आजवर माझ्या आजेसासूबाई, म्हणजे सासूबाईंच्या आई, करत असत. त्या या वसंत ऋतूत गेल्या. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी त्यांच्या हस्ताक्षरातले पाककृतीचे कार्ड माझ्या हाती दिले आणि यंदाचे कॅसरोल तू कर, असे सांगितले. कार्डावर डबाबंद रताळी, लोणी, ब्राऊन शुगर, संत्र्याचा रस, दालचिनी आणि वरून एक पिशवीभर मार्शमॅलो असे लिहिले आहे. मी शाकाहारी आहे आणि मार्शमॅलोत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. शिवाय साताऱ्याहून माझे आईबाबा आले असून तेही जेवायला येणार आहेत. २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार असल्याने आईचा उपवास आहे. ती म्हणते, रताळ्याचे एवढे प्रकार कशाला, तूप-गूळ-वेलची घालून आपले गोड काप कर. पती म्हणतात, शाकाहारी मार्शमॅलो घाल आणि कुणाला सांगूच नकोस, कळणार कुणाला? मलाही गूळ-वेलची घालून हा पदार्थ ‘आपला’ करावा असे वाटते, पण हात धजत नाही. मी काय करावे?
— कार्ड मिळालेली सून

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात जिलेटिनची अडचण सर्वांत मोठी दिसते, पण ती खरे तर सर्वांत सोपी आहे आणि तिच्याकडे मी पुढे येतेच. आधी त्या कार्डाविषयी लिहिते. सासूबाई तुम्हाला सॅलड आणायला सांगू शकल्या असत्या, दुकानातला ‘पाय’ हा गोड पदार्थ आणायला सांगू शकल्या असत्या. नव्या सुनेला बहुधा असेच काहीतरी बिनजोखमीचे काम दिले जाते. त्यांनी मात्र स्वतःची आई गेल्यानंतरच्या पहिल्याच सणाला, त्या आईच्या हातचा पदार्थ तुमच्याकडे सोपवला. आपल्याकडे गौरी जेवायच्या दिवशी पुरणाचे पातेले धाकट्या सुनेच्या ताब्यात द्यावे, तसे हे आहे. पुरणात त्या दिवशी नवे प्रयोग कुणी करत नाही. म्हणून गूळ आणि वेलची यंदा बाजूला ठेवा, असे मी स्पष्टच सांगेन. ते चवीला वाईट लागेल म्हणून नव्हे. ब्राऊन शुगर म्हणजे मळी असलेली साखरच, त्यामुळे गूळ तिच्या जागी अगदी सहज बसतो. पण त्या दिवशी टेबलाभोवती बसलेली माणसे पहिल्या घासात एका विशिष्ट बाईची चव शोधणार आहेत, आणि ती सापडली नाही तर वेलची कितीही सुरेख असली तरी तिचे कौतुक करण्याच्या मनःस्थितीत कुणी नसेल.

आता तुमच्या पतीच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीचा आहे. न सांगता बदल केला आणि तो कुणाच्या लक्षात आला, तर सगळ्यांना त्यात आधी आजीची उणीव जाणवेल आणि त्या उणिवेला तुमचे नाव चिकटेल. लक्षात आला नाही, तर अधिकच पंचाईत होईल, कारण सासूबाई डोळे पुसत ‘अगदी आईसारखे झाले आहे’ असे म्हणतील, आणि मग पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी, दर नोव्हेंबरला तुम्हाला ते गुपित सांभाळत बसावे लागेल. पदार्थात काय आहे हे जेवणाऱ्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा आपण शाकाहारी माणसे इतरांकडून सतत करतो. ती आपल्यालाही लागू होतेच.

तुम्हाला भीती वाटते आहे ती मार्शमॅलोला हात लावला तर परंपरा मोडेल याची. तिथे थोडा धीर देणारी माहिती अशी की, रताळ्यावर मार्शमॅलो ही काही त्या देशाच्या आरंभापासूनची चाल नाही. थँक्सगिव्हिंगची राष्ट्रीय सुट्टी अब्राहम लिंकन यांच्या १८६३ च्या घोषणेपासून नियमित झाली, तर रताळ्याच्या लगद्यावर मार्शमॅलो घालून भाजण्याची कृती १९१७ मध्ये एका मार्शमॅलो कंपनीने आपला माल खपावा म्हणून काढलेल्या पुस्तिकेतून लोकप्रिय झाली. ती पुस्तिका कंपनीने जॅनेट मॅकेन्झी हिल या बोस्टनच्या नामवंत पाककलातज्ज्ञ बाईंकडून लिहून घेतली होती. म्हणजे पावित्र्य मार्शमॅलोच्या पिशवीत नाही, ते आजेसासूबाईंच्या हस्ताक्षरात आहे. त्यामुळे पिशवी बदलायला हरकत नाही, फक्त जिने कार्ड दिले तिला विचारून ती बदलायची.

तेव्हा सासूबाईंना फोन करा आणि आडवळण न घेता सांगा की, कार्ड तुम्ही मला दिलेत याचे मला मोल आहे आणि मी त्यानुसारच करणार आहे, फक्त मार्शमॅलोत जिलेटिन असते आणि ते मी आणि माझे आईबाबा खात नाही, म्हणून मी दोन भांडी आणू का? याच फोनवर आणखी काही गोष्टी विचारून घ्या, कारण कार्डे नेहमीच अर्धवट असतात. लिहिणारीला उरलेले ठाऊकच असते. आजी रताळी कुस्करत असत की फोडी तशाच ठेवत असत? मार्शमॅलो नुसते वितळलेले आवडत की वरून चांगले तांबूस झालेले? आणि रताळी शेवटपर्यंत डब्यातलीच होती की नंतर ताजी? ही विचारपूस तुमच्या स्वयंपाकासाठी गरजेची आहेच, शिवाय सासूबाईंना आईविषयी बोलायला एक निमित्त मिळेल, जे अशा पहिल्या सणाच्या आधी माणसांना हवे असते आणि कुणी देत नाही. त्या म्हणाल्या की डब्यातलीच, तर डब्यातलीच आणा, वाद घालू नका. डब्यावर ‘यॅम’ असे छापलेले असले तरी बिचकण्याचे कारण नाही, आत नारिंगी रताळीच असतात. त्यांतला पाक निथळून काढा, नाहीतर सगळे सरसरीत होते.

त्यांनी निवड तुमच्यावर सोपवली, तर मात्र ताजी घ्या. तुमचे राज्य हे अमेरिकेत सर्वाधिक रताळी पिकवणारे राज्य आहे आणि नोव्हेंबरात तिथल्या बाजारात ती मुबलक असतात. बारा-चौदा माणसांसाठी ३ पौंड, म्हणजे साधारण १.४ किलो, पुरतात. सोबत इतर पदार्थांची रेलचेल असणार हे धरून सांगते. ती उकडू नका. साताऱ्याच्या घरात आपण पांढऱ्या गराची, पिठूळ रताळी उकडतो आणि ती पाण्याला पुरून उरतात; तिकडची नारिंगी रताळी मुळातच ओलसर असतात आणि उकडली की लगदा पाणचट होतो. सालीसकट, काट्याने टोचून, ४०० अंश फॅरनहाइटला सुमारे तासभर भाजा, सालीतून चिकट पाक पाझरू लागला की झाली. भाजताना रताळे हळूहळू तापते आणि त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला पुरेसा अवधी मिळतो, म्हणून भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा गोड लागते. याच कारणाने कार्डावरची ब्राऊन शुगर प्रथम अर्धीच घालून चव पाहा. ते प्रमाण डब्यातल्या रताळ्यांसाठी लिहिलेले आहे. लोणी मात्र पूर्ण घाला. मीठ कार्डावर नसले तरी चिमूटभर घाला, एवढी सूट मी तुम्हाला देते. या कृतीत अंडे नाही हे तुमचे सुदैव आहे, कारण हल्लीच्या बहुतेक कृतींत दोन-तीन अंडी असतात आणि मग आईबाबांसाठी निराळेच काही करावे लागले असते.

आता दोन भांड्यांचे. लगदा एकच करा आणि आठ इंची दोन चौकोनी भांड्यांत वाटा. एकाच मोठ्या भांड्यात अर्ध्यावर हे, अर्ध्यावर ते, असा सोयीस्कर मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, पण मार्शमॅलो वितळून पसरतात आणि सीमारेषा पाळत नाहीत. एका भांड्यावर शाकाहारी मार्शमॅलो घाला. समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅरॅगीननचे असे मार्शमॅलो तिकडे मिळतात, ‘डँडीज’ हे त्यांतले सहज आढळणारे नाव. ‘कोशर’ असे लिहिलेली पिशवी शाकाहारी समजू नका, त्यात बहुधा माशांचे जिलेटिन असते. बरणीत मिळणाऱ्या मार्शमॅलो फ्लफमध्ये जिलेटिन नसते, पण अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणजे तेही आईबाबांना चालणार नाही. दुसरे भांडे मोकळे न्या आणि त्यावरचे नेहमीचे मार्शमॅलो सासूबाईंनाच घालायला सांगा. जे तुम्ही खात नाही त्याला तुमचा हात लागायला नको, आणि आईच्या पदार्थावरचा शेवटचा हात लेकीचा असावा हे मला तरी जास्त शोभून दिसते. दोन्ही भांड्यांना वेगळे चमचे ठेवा आणि कोणते कुठले ते सगळ्यांना सांगा.

वेळेचा हिशेब आधी करून ठेवा, कारण त्या दिवशी सकाळपासून ओव्हन भाजायच्या टर्की पक्ष्याच्या ताब्यात असतो आणि तुमच्या भांड्यांना तिथे जागा नसते. लगदा बुधवारीच करून शीतकपाटात ठेवा, गुरुवारी निघण्याआधी आपल्या घरी ३५० अंशांवर अर्धा-पाऊण तास चांगला गरम करा आणि टॉवेलात गुंडाळून न्या. टर्की बाहेर काढल्यावर कापण्यापूर्वी किमान अर्धा तास तशीच ठेवतात. तेवढ्या अवधीत दोन्ही भांडी आत जातात, आणि मार्शमॅलो अगदी शेवटच्या पाच-सात मिनिटांसाठी घालायचे असतात. त्या वेळी ओव्हनसमोरून हलू नका. तांबूस आणि काळे यांच्यात मिनिटभराचेच अंतर असते, आणि शाकाहारी मार्शमॅलो त्यांच्या नेहमीच्या भावंडांइतके पसरत नसल्याने ‘अजून झाले नाहीत’ असा भास होतो.

राहता राहिली तुमची आई. तिचे म्हणणे तुम्ही अगदीच मोडीत काढू नका, कारण तिची अडचण खरी आहे. तिकडचे जेवण बहुधा दुपारी तीन-चारला होते आणि महालक्ष्मीच्या व्रताचा उपवास संध्याकाळच्या नैवेद्यानंतर सुटतो, म्हणजे त्या भरल्या टेबलावर ती उपाशी बसणार. कॅसरोलमध्ये उपासाला वर्ज्य असे काही फारसे नसले, तरी मार्शमॅलोखालचे भांडे काही तिला उपासाचे वाटणार नाही. पण रताळे तर तिचे हक्काचे आहे. भाजायच्या ट्रेवर तीन-चार रताळी जास्तीची ठेवा, ती अख्खीच वेगळी काढा, आणि तिच्यासाठी तुपावर परतून, गूळ आणि वेलची घालून एका छोट्या डब्यात न्या. तिचे काप होतील, तुमची वेलचीची हौस भागेल, आणि टेबलावर सगळ्यांच्या ताटात रताळेच असेल. कुणी चव मागितली तर आनंदाने द्या, तुम्ही होऊन कुणाला वाढू मात्र नका. कलशाची मांडणी ती सकाळी तुमच्या घरी करील. संध्याकाळी दिवा आणि नैवेद्य वेळेवर व्हावा म्हणून साडेपाच-सहाला निघावे लागेल, हेही सासूबाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे शेवटी गोडाचा ‘पाय’ कापायच्या वेळी तुमची उठाउठ त्यांना खटकणार नाही.

बाबांना मात्र इतर पदार्थांची कल्पना आधी द्या. स्टफिंग या पावाच्या पदार्थामध्ये बहुधा टर्कीचा किंवा कोंबडीचा रस असतो, ग्रेव्हीत तर असतोच, आणि त्या भागात घेवड्याच्या शेंगा पुष्कळदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. कुस्करलेले बटाटे आणि क्रॅनबेरीची चटणी सहसा चालते, मक्याच्या पावात मात्र बहुधा अंडे असते, तेव्हा विचारूनच वाढा. रताळ्याचे हे गोड प्रकरण जेवणाच्या शेवटी नसून मिठाच्या पदार्थांबरोबर ताटातच घेतात, हेही दोघांना सांगून ठेवा. नाहीतर बाबा ते गोडाचे म्हणून राखून ठेवतील आणि सासूबाईंना वाटेल की त्यांना आवडले नाही.

फोन पतीला करायला लावू नका. कार्ड त्यांना नव्हे, तुम्हाला मिळाले आहे. आणि तो या शनिवार-रविवारीच करा, कारण सणाच्या आठवड्यात सासूबाई खरेदीला बाहेर पडल्या की दोन पिशव्या नेहमीचे मार्शमॅलो घेऊनच परततील, आणि त्यांतली एक तुमच्यासाठी असेल.