पुण्यात दोन इमारतींमध्ये 300 मीटरवर गिगाबिट वायरलेस लिंक हवी आहे. 5 गिगाहर्ट्झ घ्यावं की 60? पावसाळ्यात टिकेल का?

'पावसात वायरलेस टिकत नाही' हे वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की तुमच्या प्रश्नातला शेवटचा तुकडा वाचून राहवलं नाही. त्यामुळे आधी पावसाचं.

5 गिगाहर्ट्झच्या लिंकचं 300 मीटरवर पाऊस काहीही वाकडं करत नाही. 60 ला पाऊस लागतो, पण किती? ताशी 50 मिलिमीटरचा पाऊस, म्हणजे समोरची इमारत दिसेनाशी होईल असा वळीव, किलोमीटरला साधारण 18 डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) खातो. तुमच्या 300 मीटरला साडेपाचच्या आतबाहेर. हवेतला ऑक्सिजन त्या पट्ट्यात किलोमीटरला 15 खातो, म्हणजे कोरड्या ठणठणीत दिवशीही तुमचे साडेचार जातातच, आणि त्याबद्दल कोणी बोंब मारत नाही. डिशवाल्या रेडिओंच्या जोडीला एवढ्या अंतरावर हे दोन्ही पचतं.

माझ्या धाकट्या दिरांचा धायरीत छापखाना आहे. मशीन गाळ्यात, डिझाइनची मंडळी रस्त्यापलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. अंतर अडीचशे मीटर. आधी पेनड्राइव्ह घेऊन पोऱ्या स्कूटरवर ये-जा करायचा. दिवाळी अंकांच्या हंगामात हे झेपेना, तेव्हा लिंक टाकायचं ठरलं. मी पोटापाण्यासाठी नेटवर्कचंच काम करते, पण घरच्या माणसाला कोण विचारतो! ओळखीतल्या एका विक्रेत्यानं फेब्रुवारीत 5 गिगाहर्ट्झची जोडी बसवून दिली. मी गच्चीवर गेले होते तेव्हा एवढंच म्हटलं, "मधे गुलमोहर आहे, त्याचं काय?" तो हसला. "मॅडम, आरपार दिसतंय की."

दिसणारच. फेब्रुवारीत गुलमोहराला असतं काय? काळ्या शेंगा आणि काटक्या.

मे महिन्यात झाड पालवलं, फुललं, आणि साडेचारशे एमबीपीएसची लिंक दोनशेवर आली. तोवर कोणाच्या लक्षातही आलं नाही. पहिला वळीव पडला आणि दिरांचा फोन, "वहिनी, पाऊस आला की लिंक जाते. मी म्हणत नव्हतो?" विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: मोठी डिश घ्या. मग त्याहून मोठी. मग परवान्याचा रेडिओ घ्या, पावसाला तोच उपाय.

मी रेडिओचा लॉग उघडला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाऊस, सिग्नल 15 डेसिबलनं खाली. पाऊस साडेसहाला थांबला. सिग्नल रात्री नऊलाही खालीच, आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी वर-खाली नाचतोय. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर जागेवर. पाऊस आडवा येत असता तर पाऊस थांबताक्षणी सिग्नल परत यायला हवा होता. आडवी येत होती ती ओली पानं.

दिरांनी लगेच फांद्या छाटायचं काढलं. त्याला वृक्ष संवर्धनाचा 1975 चा कायदा आहे, महापालिकेची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली असती तरी मी छाटू दिलं नसतं. 5.8 गिगाहर्ट्झला अडीचशे मीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन रेडिओंच्या मधे लहरींना लागणाऱ्या फुगीर जागेची, त्रिज्या पावणेदोन मीटरच्या वर भरते. नुसती नजर पोचून उपयोग नाही, तेवढी जागा मोकळी लागते. गाळ्याकडचा पोल दोन इंची जीआय पाइप घालून आठ फूट वर नेला, तीन बाजूंनी तान दिले. रेडिओ तेच, डिश त्याच. जुलैच्या झडीतही साडेचारशे. विक्रेता मात्र दिरांना आजही सांगतो की नंतर पाऊसच कमी झाला, आणि दर वर्षी गौरीजेवणाला दीर मला तेच ऐकवतात. भाऊजी, वाचत असाल तर लॉग जपून ठेवलाय.

आता तुमचं. खरा गिगाबिट हवा असेल तर 5 मधे मिळणार नाही. डब्यावर 867 लिहिलेलं असतं तो 80 मेगाहर्ट्झच्या चॅनलवरचा हवेतला दर. हातात पाचशेच्या आसपास पडतात, तेही जाणारं-येणारं मिळून. 160 मेगाहर्ट्झ मोकळं मिळवायचं म्हणाल तर पुण्याच्या कुठल्याही गच्चीवर एकदा स्कॅन करून बघा, हौस फिटेल. लोहगाव-विमाननगरकडे असाल तर रडारसाठी जागा सोडावी लागणाऱ्या चॅनलांवर भिस्त ठेवू नका. 60 मधे एकच चॅनल 2.16 गिगाहर्ट्झचा, म्हणजे त्या 80 च्या 27 पट, त्यामुळे तिथे गिगाबिट आरामात निघतो. मायक्रोटिक कंपनीची नुसती 'वायरलेस वायर' नावाची छोटी जोडी घेऊ नका, ती दोनशे मीटरच्या आतली. 'वायरलेस वायर डिश' दीड किलोमीटरपर्यंतची आहे, तुमच्याकडे तिला भरपूर जागा उरते. क्यूब 60 प्रो किंवा युबिक्विटीची गिगाबीम घेतलीत तर 5 चा बॅकअप आतच येतो. माझी पसंती बॅकअपवालीला. मात्र 60 चा झोत बारीक असतो, पोल हलला की लिंक हलते, आणि पानांतून तर ती जातच नाही. पाण्याच्या टाकीच्या पाइपला क्लॅम्प मारणाऱ्या माणसाला गच्चीवर चढूच देऊ नका.

वेग 94-95 वर अडकला तर रेडिओला शिव्या न घालता तार बघा. तारेच्या आतली एखादी जोडी तुटलीय किंवा पीओई इंजेक्टर (त्याच तारेतून रेडिओला वीज देणारा डबा) 100 चा आहे. तपकीर गल्लीत केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए स्वस्त पडते, पण लांब ओढली की रेडिओपर्यंत व्होल्टेज पोचत नाही.

एक भानगड राहिलीच. 2018 साली 5 गिगाहर्ट्झमधले 605 मेगाहर्ट्झ सरकारनं परवानामुक्त केले, 60 चा पट्टा तसा केलेला नाही. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, तो हलक्या नियमांनी खुला करायची शिफारस 2014 मधेच केली होती, पण पूर्ण परवानामुक्तीला मोबाइल कंपन्यांचा विरोध आहे. बाजारात माल मिळतो म्हणजे तो वापरायला मोकळीक आहे असं नाही. विक्रेत्याकडे ईटीए (उपकरणाला सरकारी मान्यता असल्याचं) प्रमाणपत्र मागा. तो चाचरला तर समजा. ऑडिट होणारी कंपनी असेल तर 5 च्याच दोन जोड्या, वेगवेगळ्या चॅनलवर, दोन पोलांत शक्य तेवढं अंतर ठेवून लावा आणि स्विचवर एकत्र करा. दोन्ही मिळून गिगाबिटच्या जवळ जाल, आणि एक पडली तरी काम थांबणार नाही. एका मोठ्या फाइलला मात्र एकाच जोडीचा वेग मिळेल, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा.

दोन्ही गच्च्यांवरून समोरचे फोटो टाका, झूम न करता. मधे कुठली झाडं आहेत तेही लिहा, म्हणजे पोल किती उंच लागेल ते सांगते.