वचन खरं, नाव तोतया

प्रश्न असा आला आहे: 'पु.लं.च्या नावाने फिरणाऱ्या, पण पु.लं.च्या नसलेल्या मजकुराला मराठीत एक शब्द आहे का? वाङ्मयचौर्य म्हटलं तर चालेल का?'

वाङ्मयचौर्य चालणार नाही. त्यात दुसऱ्याचं आपलं म्हणून मिरवायचं असतं. तुकोबांच्या काळातला सालोमालो तेच करायचा. त्यांचे अभंग मोडून त्यात स्वतःचं नाव घालायचा, आणि तुकोबांनी त्यावर चिडून लिहिलंही आहे: 'मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें.' आपल्या प्रश्नातला प्रकार नेमका उलटा आहे. इथे कुणा साध्या माणसाचं लेखन मोठ्या माणसाच्या नावावर चढतं.

'प्रक्षिप्त' हा शब्द जवळ येतो, पण तो ग्रंथात मागाहून घुसलेल्या मजकुराचा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं, की हिच्यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. किती कळवळून लिहिलंय! पण चार ओळींच्या सुविचाराला मुळात ताटच नसतं, मग तो प्रक्षिप्त कशात होणार?

'नावावर खपवणे' हे क्रियापद रोजच्या वापरातलं आहे. त्यात मात्र खपवणाऱ्याचा हेतू गृहीत धरलेला असतो, आणि बहुतेक वेळा तसा हेतू नसतोच. विष्णुदास नामा हा एकनाथांच्या काळातला वेगळा कवी. त्याची पदं नामदेवांच्या गाथेत मिसळली, कारण नाममुद्रा दोघांचीही 'नामा'. कुणी ती खपवली नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मजकूर कापताना खालचं नाव गळतं आणि पुढचा माणूस सुरावरून अंदाज बांधतो. विनोदी असेल तर पु.ल., नात्यांबद्दल असेल तर व.पु. परवा माझ्या आत्याने पु.लं.च्या नावाचा एक हळवा मजकूर पाठवला. दुसऱ्याच ओळीत 'स्टेटस बघून' असे शब्द. पु.ल. गेले 2000 साली, व्हॉट्सअ‍ॅप आलं 2009 साली. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'अरे, पण वाटतं तर त्यांचंच!'

या 'वाटतं'साठी मराठीत फार चांगला शब्द आहे: तोतया. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, तरी ते गेले हे अनेकांना खरं वाटेना. पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलंच नाही. पुढे एका कनोजी ब्राह्मणाने 'मीच भाऊ' म्हणून सांगितलं आणि भाऊ परत यावेत अशी आस असलेले लोक त्याच्यामागे गेले. 1776 साली त्याला देहदंड झाला, तो 'भाऊसाहेबांचा तोतया' म्हणूनच. आजही बातमीत 'तोतया पोलिसांनी दागिने लुबाडले' असं आपण वाचतो, परीक्षेला दुसऱ्याच्या जागी बसण्याला तोतयेगिरी म्हणतो.

'बनावट वचन' किंवा 'खोटं अवतरण' म्हटलं की वाक्यच टाकाऊ ठरतं. तोतया म्हटलं की फक्त ओळख खोटी ठरते, आणि मला हा फरक मोलाचा वाटतो. 'कोशिश करने वालों की हार नहीं होती' ही कविता आपल्याकडेही किती समारंभांत हरिवंशराय बच्चन यांची म्हणून ऐकवली जाते! ती सोहनलाल द्विवेदींची आहे. कवितेत काही खोट नाही, ती उत्तमच आहे. आणि म्हणूनच द्विवेदींचं नाव गळतं याचं मला फार वाईट वाटतं.

वापराबद्दल एवढंच. 'तोतया' विशेषण म्हणून बदलत नाही: तोतया वचन, तोतया कविता, तोतया सुविचार. नाम म्हणून वापरलं तर तोतयाचा, तोतयांनी. फक्त 'पु.लं.चं तोतया वचन' असं लिहू नका, त्या 'चं'मुळे ते पुन्हा पु.लं.च्याच पदरात पडतं. 'पु.लं.च्या नावाचं तोतया वचन' असं लिहा. खरा लेखक माहीत असेल तर त्याचं नाव त्याच ओळीत द्या, आणि नसेल तर 'कर्ता अज्ञात'.