लॉस सॅन्टोसमधला पगार: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात आरपी (रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या) सर्व्हरबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी पैशांवर. मला नवल वाटलं नाही. दिवसा मी चाकणच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करते आणि रात्री एका हिंदी-मराठी आरपी सर्व्हरची इकॉनॉमी सांभाळते. दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येतं: "मॅडम, एवढ्यात भागत नाही."

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: जीटीए फाइव्ह या गेममधल्या लॉस सॅन्टोस शहरात फाइव्हएम या जोड-सॉफ्टवेअरमार्फत शिरायचं आणि तिथे कोणीतरी एक होऊन राहायचं. कोणी पोलिस, कोणी डॉक्टर, कोणी गॅरेजवाला, कोणी चोर. जिंकणं-हरणं नाही. पण भाडं आहे, पेट्रोल आहे, आणि अर्थात पगार आहे.

प्रश्न: मी आमच्या सर्व्हरवर ईएमएसमध्ये (रुग्णवाहिका-डॉक्टर पथकात) आहे. दर 10 मिनिटांनी 50 डॉलर पगार पडतो. शोरूममधली सगळ्यात स्वस्त गाडी 40 हजारांची. तिकडे तिघं मिळून दागिन्यांचं दुकान फोडतात आणि पंधरा मिनिटांत माणशी 30 हजार घेऊन जातात. ॲडमिनला विचारलं तर म्हणतो, "ब्रो, रिअलिझम आहे. डॉक्टरला पगारच मिळतो, चोराला घबाड." हे बरोबर आहे का? — रात्रपाळीतला डॉक्टर, नाशिक

नाही. आणि ॲडमिन "रिअलिझम" म्हणतो तेव्हा कागद-पेन घेऊन बसायचं, कारण या शब्दाखाली काहीही खपवता येतं.

हिशोब करू. दहा मिनिटांना 50 म्हणजे तासाला 300. गाडीला 133 तास. रोज दोन तास ड्यूटी केलीत तर सव्वादोन महिने, तेही पेट्रोल आणि भाडं न धरता.

आता तुमचा ॲडमिन हुशार असेल तर म्हणेल, "पण खेळातला दिवस 48 मिनिटांचा आहे." मूळ जीटीएत ते खरंच आहे, खेळातलं एक मिनिट म्हणजे आपले दोन सेकंद. म्हणजे खेळातल्या एका दिवसात जवळजवळ पाच पगार, 240 डॉलर. लॉस सॅन्टोस म्हणजे लॉस एंजेलिसची नक्कल. कॅलिफोर्नियात 2025 साली किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होतं, आठ तासांचे 132. म्हणजे तुम्ही तर मजेत आहात! गाडी साडेपाच महिन्यांच्या पगारात, अगदी खऱ्या माणसासारखी.

पण तो हिशोब तुमच्या डॉक्टरला चोवीस तास न झोपता उभं ठेवून केलेला आहे. आठ तासांची पाळी धरली तर खेळातले आठ तास म्हणजे आपली सोळा मिनिटं, आणि हातात येतात 80 डॉलर. किमान वेतनाच्याही खाली. एकाच आकड्यातून दोन्ही सिद्ध होतं, फक्त घड्याळ बदलायचं. म्हणून खऱ्या जगाच्या पगाराशी तुलना मी माझ्या सर्व्हरवर बंदच करून टाकली आहे. पात्र खेळाच्या घड्याळावर जगतं, पण जागरण खेळणाऱ्याचं होतं. आम्ही विचारतो ते इतकंच: नोकरीवाल्याला पहिली गाडी किती संध्याकाळींत मिळावी? आमच्याकडे दहा-बारा. तो आकडा आधी ठरतो, पगार त्यावरून मागे मोजत येतो.

आता चोराचं. तुमच्या पंधरा मिनिटांचे 75 डॉलर, त्याचे 30 हजार. चारशे पट. चोराने जास्त कमवू नये असं माझं म्हणणं नाही. त्याला माणसं जमवावी लागतात, हत्यार घ्यावं लागतं, पकडला गेला तर माल जप्त आणि तुरुंगात बसून भिंत बघावी लागते. त्याची कमाई एका दरोड्यावर मोजू नका, आठवडाभराची धरा: फसलेले दरोडे, दंड, गेलेली हत्यारं वजा करून. एवढं करूनही ती डॉक्टरच्या दुप्पट-तिप्पट निघाली तर ठीक. चारशे पट निघते तिथे दोन आठवड्यांत हॉस्पिटल ओस पडतं, आणि मग गोळी लागलेला चोरच बोंबलतो की ईएमएस ऑनलाइन नाही.

मग पगार वाढवून मागायचा का? इथे जपून. आपल्याकडे काम रोजावर असतं किंवा उक्त्यावर. कारखान्यातला क्लार्क महिन्यावर आणि ऊसतोड मजूर टनावर. खेळातही तेच दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची खोड वेगळी. नुसत्या वेळेवर पैसे दिले की लोक ड्यूटीवर चढतात, पात्र हॉस्पिटलच्या गच्चीवर उभं करतात आणि जेवायला जातात. एएफके ("कीबोर्ड सोडून") पगार. नुसते पेशंटमागे दिले की त्याहून वाईट. आम्ही एकदा ईएमएसला माणशी इन्सेन्टिव्ह लावून पाहिला. एक पोरगा पेशंटजवळ यायचा, "क्या हुआ भाई," एवढं म्हणून बटण दाबायचा, माणूस उभा, पुढचा कॉल. त्याच रात्री दुसरी मुलगी अपघातातल्या एका ट्रकवाल्यापाशी वीस मिनिटं बसली होती. मान हलवू नका म्हणाली, नाव विचारलं, घरी कोणाला कळवू विचारलं, स्ट्रेचरवर घेताना मोठ्याने तीन आकडे मोजले. ट्रकवाला दुसऱ्या दिवशी मुद्दाम पट्टा लावून लंगडत शहरात फिरला. उक्त्यावर मोजलं तर तिची कमाई त्या पोराच्या पावपट.

तुमच्या ॲडमिनकडे दोन गोष्टी मागा. पाया म्हणून वेळेचा पगार, पण तो पेशंटची वाट बघत बसण्याचाही मोबदला आहे हे मान्य करून दिलेला. रिकामा बसलेला डॉक्टर शहराच्या उपयोगाचाच असतो. आणि त्यावर पेशंटच्या बिलातला हिस्सा, मात्र बिल ठरावीक वेळेच्या आत दुसऱ्यांदा फाडता येणार नाही अशी अट घालून. दागिन्यांच्या दुकानातून आलेले 30 हजार गोळी लागल्यावरच्या बिलात थोडे तरी हॉस्पिटलकडे वळू द्या. ते वळले की तुम्हाला चोराचा राग येणं आपोआप कमी होईल.

प्रश्न: मी स्वतः छोटा सर्व्हर चालवतो. पोलिस सोडून जात होते म्हणून त्यांचा पगार दुप्पट केला, मग बाकीचेही मागायला लागले, सगळ्यांचे वाढवले. आता महिन्याभरात प्रत्येकाकडे सुपरकार आहे आणि कोणालाच काम करायचं नाही. इकॉनॉमी वाइप करू का, म्हणजे सगळ्यांचे पैसे पुसून शून्यावर आणू का? की पगार सरळ भारतातल्यासारखे, रुपयांत ठेवू, म्हणजे रिअलिझम येईल? — वैतागलेला ॲडमिन, कोल्हापूर

वाइप करू नका. त्यात मरतो तो ज्याने दहा रात्री टॅक्सी चालवून पैसे साठवले तो. ज्याने पैसे उडवून गाड्या घेतल्या त्याच्या गाड्या बहुधा तुम्ही ठेवणारच, कारण त्या काढल्या तर तो सर्व्हर सोडेल.

आधी हे बघा की पगार देतंय कोण. सर्व्हर ज्या तयार सांगाड्यावर उभा राहतो त्यांतला क्यूबीकोर तुम्ही वापरत असाल तर कॉन्फिगमध्ये पेचेकसोसायटी नावाची एक ओळ आहे. मुळात ती बंद असते. बंद असली की पगार कोणाच्याच खात्यातून जात नाही, दर दहा मिनिटांनी हवेतून पडतो. ईएसएक्स या दुसऱ्या सांगाड्यातही तशीच सोय आहे आणि तीही बंदच येते. पगारपत्रक करणाऱ्या बाईला हे वाचून घेरी येते. देणाऱ्याच्या खात्यात उणे नाही आणि घेणाऱ्याच्या खात्यात अधिक, ही कुठली खतावणी?

आणखी एक गंमत. ईएसएक्सच्या मूळ फायलींमध्ये बेरोजगाराला दर फेरीला 200 आणि नव्याने भरती झालेल्या पोलिसाला 20. ते नमुन्याचे आकडे आहेत, बदलायचे म्हणूनच दिलेले. पण फाइल उघडायचा कंटाळा केलेले सर्व्हर मी पाहिले आहेत आणि तिथे "पोलिस का टिकत नाहीत" यावर तासभर मीटिंगही ऐकली आहे.

तेव्हा सोसायटी चालू करा. पोलिसांचा पगार पोलिस खात्यातून, खात्यात पैसे दंडातून आणि नगरपालिकेच्या करातून. मग पगारवाढ मागायला पोलिस तुमच्याकडे येणार नाहीत, महापौर झालेल्या खेळाडूकडे जातील. महापौर गाड्यांवर कर वाढवेल, गाडीवाले मोर्चा काढतील. रिअलिझम म्हणतात तो हा. पगाराचा आकडा 50 की 500 याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

पण सगळं बंदिस्त करायच्या फंदातही पडू नका. 1997 साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळाने तो प्रयत्न केला होता: जगात साधनं मोजकी, वापरली की परत फिरणार. लोकांनी वस्तू घरात साठवून ठेवल्या, फिरणंच थांबलं आणि ती योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडेही होतं ते. एका खेळाडूच्या खात्यात चाळीस लाख पडून, तो परीक्षेला गेलेला, आणि हॉस्पिटलला पगार द्यायला पैसे नाहीत. म्हणून खात्यात खडखडाट झाला तर सरकारने किमान पगार भरावा, एवढी फट ठेवा.

दुसरी बाजू पैसे बाहेर जाण्याची. नळ चालू आणि मोरी बुजलेली, तर घरात पाणी भरणारच. दुरुस्ती, विमा, भाडं, पार्किंग, औषधं, जप्तीतून गाडी सोडवणं, या सगळ्या मोऱ्या. ईव्ह ऑनलाइन या खेळाच्या आइसलंडमधल्या कंपनीने 2007 मध्ये यासाठी चक्क अर्थतज्ज्ञ नेमला होता, आणि किती पैसा आला, किती गेला याचे तक्ते खेळाडूंपुढे ठेवले जातात. तुम्हाला अर्थतज्ज्ञ परवडणार नाही, पण दर रविवारी डेटाबेसमधली सगळ्यांच्या रोख आणि बँकेची बेरीज काढून डिस्कॉर्डवर, सर्व्हरच्या चॅटमध्ये, टाकायला काय हरकत आहे? आमच्याकडे ते सुरू केल्यापासून "पगार वाढवा" म्हणणारे आधी तक्ता बघतात. सुपरकारवाल्यांकडून काही काढून घेऊ नका, सुपरकारचा वार्षिक कर आणि दुरुस्ती महाग करा. दोन महिन्यांत निम्म्या गाड्या विकायला येतील.

रुपयांचं म्हणाल तर लावा, चिन्हच बदलायचं आहे. पण रुपये आले की पोरं मागोमाग थार आणि स्कॉर्पिओ आणतात. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने नोव्हेंबर 2022 मध्ये आरपी सर्व्हरसाठी जी नियमावली दिली तिच्यात खऱ्या ब्रँडचा वापर नको असं स्पष्ट लिहिलेलं आहे. छोट्या सर्व्हरकडे कोणी बघत नाही हे मलाही माहीत आहे. तरी सांगून ठेवते.

प्रश्न: माझा मुलगा बारावीत आहे. रात्री अकराला "ड्यूटी आहे" म्हणून बसतो. नाही गेलो तर काढून टाकतील म्हणतो. परवा त्याने ॲडमिनला यूपीआयने पाठवायला 500 रुपये मागितले, गेममधले पैसे मिळतात म्हणून. द्यावेत का? — एक आई, सातारा

ताई, देऊ नका. खेळातलं चलन खऱ्या पैशांना विकणं त्याच 2022 च्या नियमांत बसत नाही. फाइव्हएम ऑगस्ट 2023 पासून रॉकस्टारचंच आहे आणि सर्व्हरला पैसे घ्यायचेच असतील तर ते टेबेक्स नावाच्या ठरलेल्या दुकानातून घ्यायचे असतात. कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर नाहीत. पैसे गेले आणि सर्व्हर उद्या बंद झाला तर दाद मागायला जागा नाही. शिवाय विकत घेतलेल्या लाखाने जो शहरात उतरतो तो तुमच्याच मुलाच्या रात्रभराच्या ड्यूटीची किंमत शून्य करतो. हे त्याला सांगा, पटेल. अभ्यासाचं सांगण्यापेक्षा लवकर पटेल.

ड्यूटीचं मात्र तो खोटं बोलत नाही. निवडून घेतलेल्या पोलिस-ईएमएस पथकांत आठवड्याच्या तासांची अट असते. पण बारावीच्या पोराला परीक्षेची रजा न देणारं पथक मी चांगलं पथक मानत नाही. त्याला रजेचा अर्ज करायला सांगा, खेळातल्या चीफकडे, खेळातल्याच भाषेत. बहुतेक ठिकाणी हसत मंजूर होतो.

प्रश्न: सर्व्हरवर माझं गॅरेज आहे. गाडी दुरुस्तीचे मी 3,000 घेतो, मेकॅनिकला त्यातले 300 देतो. पोरं टिकत नाहीत. मालक म्हणून जागेचं भाडं, दुरुस्तीचं किट, सगळं माझ्या माथी. योग्य वाटा किती? — शेठ, रत्नागिरी

शेठ, दहा टक्क्यांवर पोरं टिकली असती तर मला तुमच्या सर्व्हरची काळजी वाटली असती. निघून जातात हे शहर जिवंत असल्याचं लक्षण आहे.

किट आणि भाडं वजा जाता जे उरतं त्यातलं निम्मं हात काळे करणाऱ्याला द्या. समजा किट 600 आणि भाड्यापोटी 400 गेले, उरले 2,000, त्यातले 1,000 त्याचे. तुम्हाला वाटेल फार झाले. पण तुमच्या गॅरेजची कमाई पाना फिरवण्याच्या ॲनिमेशनवर चालत नाही, ते कोणालाही जमतं. ती चालते गिऱ्हाइकाशी गप्पा मारणाऱ्या पोरावर. "साहेब, परत डिव्हायडरवर चढवली का?" असं विचारणारा एक मेकॅनिक असला की लोक मुद्दाम गाडी ठोकून येतात. असा कोणी असेल तर त्याला भागीदार करून घ्या.

गिऱ्हाईक नसेल त्या रात्रीही तासाला काहीतरी ठरवून द्या, कॉल येवो न येवो. वाटा किती ते कागदावर, म्हणजे गॅरेजच्या भिंतीवर लावा. आणि पोरं पगारावरून संपावर गेली तर ॲडमिनकडे तिकीट (तक्रार) टाकू नका. शटर अर्धं ओढा, बाहेर या, पात्रातच बोलणी करा, नाहीच जमलं तर शहरातला वकील झालेला एखादा खेळाडू बोलवा, त्यांना तसंही काम नसतं. फुटलेल्या किटचे पैसे मात्र पोरांच्या वाट्यातून कापू नका.