हात बसत नाही, म्हणजे अंगात लयच नाही का?

नवीन कला शिकायला घेतलेल्या प्रौढांकडून एक प्रश्न मला सतत येतो. "रोज सराव करते, तरी हात बसत नाही. माझ्या अंगात लयच नाही का? की वय निघून गेलं?" त्याचं उत्तर एका अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. नोकरी सांभाळून रात्री टर्नटेबलवर स्क्रॅच, म्हणजे फिरती रेकॉर्ड हाताने पुढे-मागे करून ठेक्यात आवाज काढणं, शिकत होत्या आणि बरेच महिने नेटाने शिकत होत्या. "मॅडम, सुई सारखी उडते. माझा हातच जड आहे. लहानपणी सुरू केलं असतं तर वेगळं होतं. आता सगळं विकून टाकते." बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला.

अशा वेळी "जमेल हो तुम्हाला" असं म्हणणं मी टाळते. ज्याला रोज रात्री आपलं अपयश कानांनी ऐकावं लागतं, त्याला असला धीर पोकळ वाटतो. मी म्हटलं, "काल रात्री काय काय केलंत ते क्रमाने सांगा. आणि रेकॉर्डवर हात कसा ठेवता, ते इथे टेबलावर दाखवा."

त्यांनी पाचही बोटं पसरून टेबलावर दाबली. खांदे कानांपर्यंत चढले, दुसऱ्या हाताची मूठ आपोआप आवळली गेली. क्रम ऐकला तर बसल्या बसल्या थेट 'क्रॅब'. यात अंगठ्याचा आधार ठेवून बाकीची बोटं क्रॉसफेडरवर (आवाज उघडबंद करणारी मिक्सरवरची सरकती कळ) एकामागून एक झपाट्याने आपटायची, म्हणजे एकाच आवाजाचे तुकडे पडतात. जमलं नाही की आणखी जोरात. सुई उडाली की थांबायचं, एखाद्या विजेत्या डीजेचा व्हिडिओ बघायचा, खट्टू व्हायचं आणि पुन्हा क्रॅब. जे जमण्यासारखं होतं, त्याला रात्रभरात जागाच मिळत नव्हती.

पुढच्या भेटीला त्यांनी सरावाचा व्हिडिओ आणला. त्यांच्या परवानगीने तो मी ओळखीच्या एका डीजे शिक्षकाला दाखवला. सुई उडण्याचं निम्मं कारण हातात नव्हतंच. टर्नटेबलवर मूळची रबरी चकती तशीच होती. ती रेकॉर्डला चिकटून धरते, त्यामुळे रेकॉर्ड मागे ओढली की खालची जड थाळीही ओढली जाते. स्क्रॅचसाठी फेल्टची गुळगुळीत स्लिपमॅट लागते, म्हणजे रेकॉर्ड हाताखाली थांबते आणि थाळी फिरत राहते. शिवाय सुई निवांत गाणी ऐकण्याची होती, भार 2 ग्रॅमच्या आत. स्क्रॅचच्या सुया 3 ते 4 ग्रॅमपर्यंत भार पेलतात. नाजूक सुईवर तेवढा भार टाकणं चूक, म्हणून कार्ट्रिजच, म्हणजे सुई ज्यात बसते तो भागच, बदलायला हवं होतं. मोटर डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थाळीला थेट फिरवणारी होती हे बरं झालं. पट्ट्यावर चालणारं टर्नटेबल हाताने अडवलं की वेगावर यायला वेळ घेतं.

हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मी स्वतःलाच बोल लावत होते." हे वाक्य माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. यंत्राचा दोष कुठला आणि हाताचा कुठला हे वेगळं झालं, की माणूस स्वतःला दोष देणं थांबवून दुरुस्तीला लागतो.

उरलेलं निम्मं हाताचंच होतं. ठरलं असं, की फेडरचा हात काही दिवस मांडीवर. फक्त 'बेबी स्क्रॅच', म्हणजे फेडरला न शिवता रेकॉर्ड पुढे-मागे. मिनिटाला 70 ठोक्यांचा संथ ठेका. आवाज जिथे सुरू होतो तिथे लेबलवर छोटा स्टिकर, म्हणजे हात प्रत्येक वेळी त्याच जागी परततो का ते डोळ्यांना दिसतं. बोटांची टोकं हलकी टेकवायची, दाबायची नाहीत. वेळ पंधरा-वीस मिनिटं, पण रोज. हालचालींची स्मृती सरावानंतर झोपेतही पक्की होत असते, म्हणून रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं. आणि आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रण, तुलना फक्त आपल्या मागच्या आठवड्याशी.

त्यांना मी ग्रँड विझर्ड थिओडोरची हकीकतही सांगितली. स्क्रॅचचा जनक मानला जाणारा हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला मुलगा. 1970 च्या दशकाच्या मध्यात आवाज कमी कर म्हणून आई दारात आली, त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरली आणि हात पुढे-मागे झाल्यावर तो आवाज त्याच्या कानात भरला. हे लोकांना आवडतं, पण पुढचं कुणी सांगत नाही. चारचौघांत वाजवण्याआधी त्याने घरात कित्येक महिने त्यावर मेहनत घेतली होती.

वयाचं म्हणाल तर ते काहीच आड येत नाही असं मी सांगणार नाही. वाढत्या वयात नवी हालचाल अंगवळणी पडायला वेळ जास्त लागतो, पण ती पडते. मनगट किंवा अंगठा दुखायला लागला तर मात्र त्या दिवशी सराव बंद आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरकडे जायचं, हे मी बजावून ठेवलं आहे.

त्यांचा बेबी स्क्रॅच आता ठेक्यात बसतो. सध्या 'चर्प' चालू आहे, ज्यात रेकॉर्ड पुढे जाता जाता फेडर बंद करायचा आणि मागे वळताना उघडायचा. दोन्ही हात एकत्र आले की अजून गडबड होते, मग त्या ठेका खाली आणून पुन्हा सुरू करतात. क्रॅबचं नाव त्यांनी स्वतःहूनच यादीच्या तळाशी लिहिलं आहे.