वाचक विचारतात : क्यूबेकची जुनी सेमिनरी

प्रश्न : कॅनडातल्या क्यूबेक शहरातली जुनी कॅथलिक सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, दगडी आहे ना? मग चौकातल्या भिंतींवर पांढरा गिलावा कशाला? तो खरवडला तर इमारत जास्त देखणी दिसणार नाही का?

उत्तर : दिसेल, पण चारदोन हिवाळेच. बिशप लाव्हाल यांनी १६६३ साली ही सेमिनरी स्थापली. चौकातली प्रोक्यूर ही बाजू १६७८ ते १६८१ दरम्यान बांधली गेली. फ्रेंच अमलातल्या त्या शहरात डोंगराचाच काळा दगड सर्रास वापरत, आणि तो पापुद्र्यांचा. पापुद्र्यांत पाणी शिरून गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड उकलतो. गिलावा हे त्या दगडाचं पांघरूण आहे, नटवेपणा नव्हे.

अशा भिंतीला दुरुस्तीत सिमेंट लावलं की घात होतो. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. ती आत कोंडते, थंडीत गोठते आणि गिलाव्याबरोबर दगडाचाही पापुद्रा घेऊन सुटते. त्यापेक्षा सैल दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून काढाव्यात, भिंत भिजवावी, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा माल भरावा, मग सेंटीमीटरभर जाडीचे थर द्यावेत. एकदम जाड थर दिला की तडकतो. प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवावा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर कामाला हात घालू नये, कारण चुना धरायच्या आतच गोठतो. क्यूबेकमध्ये हे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं.

प्रश्न : तिथलं १७७३ सालचं भिंतीवरचं सूर्यघड्याळ मनगटी घड्याळाशी का जुळत नाही?

उत्तर : दोष घड्याळाचा नाही. तिथली प्रमाणवेळ ७५ अंश पश्चिम रेखांशाची, शहर मात्र जवळपास ७१.२ अंशांवर. म्हणजे सूर्य तिथे १५ मिनिटं आधीच माथ्यावर येतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे वर्षभर फरक पडत राहतो. फेब्रुवारीच्या मध्याला दोन्ही वेळा जवळजवळ जुळतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, उन्हाळी वेळ (घड्याळं तासभर पुढे ठेवतात तो काळ) संपल्यावर, सावली ३१ मिनिटं पुढे असते. जुलैअखेर उन्हाळी वेळेचा तास धरून ती ५१ मिनिटं मागे पडते. पडताळून पाहायचंच असेल तर फेब्रुवारीत जावं. थंडी मात्र सोसावी लागेल.